दोन अंगांची टून

ट्राइन किकर्टच्या देखत तुम्ही टुनेवर पाय ठेवलात, की तुमचं काही खरं नव्हतं. तुम्ही कोण, कुठले, याच्याशी तिला काही देणंघेणं नसे. एकदा पाद्रीबुवा टुनेवर बसून बुटातली वाळू झाडत होते. ट्राइन सायकलवरून उतरली आणि भर रस्त्यात म्हणाली, "चर्चमध्ये एवढी बाकं आहेत, ती कमी पडली का तुम्हाला?" पाद्रीबुवा एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत खाली उतरले. पुढच्या रविवारी त्यांचं प्रवचन नम्रतेवर होतं, आणि तासभर त्यांनी ट्राइन बसली होती त्या कोपऱ्याकडे मान म्हणून वळवली नाही. आमच्या टेसल बेटावर ही गोष्ट अजून चवीने सांगतात.

टून म्हणजे आमच्या शेतांमधली गवताच्या ढेपांची भिंत. बेटावर दगड नाही. झाड लावावं तर वारा त्याला धड उभं राहू देत नाही, आणि वरच्या रानात पाट खणावा तर वाळू सगळं पाणी पिऊन मोकळी. मग मेंढ्या अडवायच्या कशाने? आमच्या लोकांनी जमिनीनेच अडवल्या. फावड्याने गवताची जाडसर ढेप सोलायची, गवत खाली आणि मुळं वर अशी ठेवायची, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. समोरासमोर अशी दोन अंगं चढवायची, मधल्या पोटात ओली वाळू भरून लाकडी बुटांनी तुडवायची, आणि वर जाता जाता दोन्ही अंगं एकमेकांकडे कलती घ्यायची. ती एकमेकांना रेटून धरतात, म्हणून टून उभी राहते. शेवटची टोपीची ढेप तेवढी गवत वर करून बसवायची. बस. यात चुना नाही, खिळा नाही, काही नाही.

हे सांगायला सोपं आहे. हात घातला की कळतं. दर उन्हाळ्यात हौशी मंडळी टुना घालायला शिकायला यायची, आणि ट्राइन त्यांच्या मागून गुडघा लावत फिरायची. टुनेला गुडघ्याने एक धक्का द्यायचा, कान देऊन ऐकल्यासारखं करायचं, आणि दोनपैकी एक निकाल सांगायचा: "पडली," किंवा "उभी आहे." पडली म्हणजे ती तुमच्या डोळ्यांदेखत उभी असली तरी पडलीच, येत्या हिवाळ्यात. आणि "उभी आहे" ही तिची सगळ्यात मोठी शाबासकी. ती मिळालेली माणसं परत जाताना बोटीवर एकमेकांना सांगत असत, मला म्हणाली, मला म्हणाली. तिच्या नवऱ्याला, कोरला, लग्नाच्या दिवशीसुद्धा यापेक्षा जास्त काही ऐकायला मिळालं नसावं.

एवढी कडक बाई, पण दक्षिणेच्या अंगाला वसंतात कुणी फावडं लावलं तर तिथेच अडवायची. त्या उबदार अंगात पोळं न करणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या भोकं पाडून राहतात. "आत बाळंतिणी आहेत," ट्राइन म्हणायची. "त्यांचं आटपू दे, मग या." माणसांना इतकी सवलत तिने कधी दिली नाही.

हा हात तिला बापाकडून आला, पण बापाने दिला म्हणून आला असं नाही. बाप रेयर किकर्ट हा बेटावरचा नावाजलेला टुनकरी. त्याने फावडं दिलं ते धाकट्या सीमला, कारण सीम मुलगा होता. सीमच्या ढेपा कधी सरळ बसल्या नाहीत. भिंतीला मध्येच पोट सुटायचं. बाप चारचौघांत म्हणायचा, "हे हात मासा कापायचे आहेत, टून घालायचे नाहीत." सीम हसायचा, आणि घरी आल्यावर मेंढवाड्यामागे जाऊन बसायचा. हे ट्राइनला माहीत होतं. एक दिवस बाप बाजाराला गेला असताना तिने सीमने टाकलेला तुकडा पाडून पुन्हा घातला. बाप आला, त्याने गुडघा लावला आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं तिच्या दाराशी उभं होतं. सीम खरोखरच मासेमारीच्या बोटीवर लागला.

आता शब्दाची गोष्ट.

ट्राइन लहान असताना शाळेत मुख्य भूमीवरून नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आपापली 'टाईन' काढा. तिकडे टाईन म्हणजे बाग. बेटावरच्या अर्ध्या वर्गाने मेंढ्या आणि भिंती काढल्या, त्यात ट्राइन. बाई म्हणाल्या, "अगं, ही तर भिंत आहे. फुलं कुठे आहेत?" ट्राइनने बोट ठेवलं. भिंतीच्या माथ्यावर तिने गुलाबी तुरे काढलेच होते, आमच्या टुनांवर ते दर वसंतात येतात. "आणि बाई, तुमच्या टाईनचा वारा कोण अडवतं?" बाई चांगल्या होत्या, हसल्या आणि चित्र भिंतीवर लावलं. पण पोरीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. घरी येऊन तिने बापाला विचारलं, शब्द एकच, मग त्यांच्याकडे बाग आणि आपल्याकडे भिंत कशी? रेयर म्हणाला, "तिकडच्या लोकांचं असंच. भिंत टाकून दिली आणि फुलं ठेवली."

मग इतरांनी काय ठेवलं, हा प्रश्न तिने सीमच्या गळ्यात बांधला. पहिल्यांदा बोटीवर चढताना त्याने विचारलं, येताना काय आणू? बाकीच्या खलाशांच्या बहिणी रुमाल मागायच्या. ही म्हणाली, "तिकडे टुनेला काय म्हणतात ते विचारून ये."

सीमने आणलं. जर्मनीच्या बंदरात त्याला कळलं की तिकडे 'त्साउन' म्हणतात, आणि तो काठ्यांचा किंवा तारेचा असतो. घरात पाऊल टाकताच त्याने हे एका दमात सांगून टाकलं. ट्राइन भडकली. "असं नाही. बंदरापासून सांग." म्हणजे बोट कुठे लागली, हवा कशी होती, विचारलं कुणाला, त्या माणसाच्या हातात त्या वेळी काय होतं, सगळं. सीम कॉफीचा पेला घेऊन बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. सुकवलेला मासा सोलत ट्राइन ऐकत होती. बाप पलीकडे पेपर धरून बसला होता, पण पान उलटत नव्हता.

तेव्हापासून ती रीतच पडली. नॉर्वेहून सीमने अंगण आणलं. तिकडे टून म्हणजे घर आणि गोठा यांच्यामधली मोकळी जागा. दोरखंड विकणाऱ्याची म्हातारी आई त्याला म्हणाली होती, पोरं दिवसभर टूनमध्ये हुंदडतात, जेवायला येत नाहीत. इंग्लंडहून अख्खं शहर आणलं, 'टाउन'. "त्यात दोन सिनेमागृहं होती," सीम म्हणाला, "आणि एकही मेंढी नव्हती." ट्राइन हसून हसून बेजार झाली. एवढ्या मोठ्या शहराला आपल्या भिंतीचं नाव! पुढच्या खेपेला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्याला एक शेतकरी भेटला, तो आपल्या एकट्या घराला आणि दोन गोठ्यांना मिळून तेच नाव देत होता. तो माणूस बोलताना बटाट्याचं पोतं शिवत होता. आयर्लंडमध्ये कड्यावरचा पडका किल्ला, त्याचंही नाव ह्याच शब्दाचं भावंड निघालं.

ट्राइनने या सगळ्याची आपल्या मनाशी एक जुळणी केली होती. ती म्हणायची, "आधी भिंत होती. मग जो तो आपापल्या गरजेचं घेऊन गेला. कुणी आतली माणसं घेतली, कुणी अंगण घेतलं, आमच्या शेजाऱ्यांनी फुलं घेतली. जर्मनांनी कुंपण ठेवलं, पण काठ्यांचं. मातीची भिंत तेवढी आमच्याकडे राहिली." भाषेचे जाणकार साधारण हेच सांगतात, की मूळ शब्द वेढ्याचा, आणि वेढ्यात जे सापडलं त्याला पुढे नाव चिकटलं. हे तिने एकदा रेडिओवर ऐकलं तेव्हा कोरला म्हणाली, "बघ, त्यांनाही पटलं." माझ्या मते यात तिचा तोरा कमी आणि सीमचं कौतुक जास्त होतं. तो शब्दांचा खजिना त्याने बोटीबोटीने आणला होता.

एकच बंदर राहिलं होतं. एका हिवाळ्यात सीमची बोट आईसलँडकडे निघाली, तेव्हा ट्राइन धक्क्यावर सोडायला गेली होती. बोट सुटल्यावर ती मागून ओरडली, "आईसलँडचा आण!" सीमने हात वर केला.

तो परत आला तोवर बाप गेला होता. अंत्यविधीला तो जेमतेम पोहोचला, दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास.

रेयरने शेताचे दोन भाग केले होते, उत्तरेचा ट्राइनला, दक्षिणेचा सीमला. आणि आमच्याकडे वाटणीच्या टुनेची रीत आहे. भावंडांनी आपापल्या हिश्श्यातल्या ढेपा कापायच्या आणि आपापल्या बाजूचं अंग चढवायचं, दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही. शेवटी टोपीची ढेप दोघांनी मिळून बसवायची. मग ती टून दोघांची. ती एकट्याला मोडता येत नाही, आणि शेत विकलं तरी घेणाऱ्याला ती तशीच सांभाळावी लागते. एका अंगाच्या भिंतीला मात्र कुणी टून म्हणत नाही. तो ढीग.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला माणसं अजून बसलेली होती. ट्राइन सीमला म्हणाली, "सोमवारपासून ढेपा कापायला लागू."

सीमने केक खाली ठेवला. "मी तार ओढतो. तार, खांब बंदरावर मिळतात. चार दिवसांत उभं होईल."

"तार?"

"तारच. त्यात काय?"

"बाबांच्या शेतात तार?"

"अगं, टून म्हणजे तरी काय शेवटी? जर्मनीत काठ्या ठोकतात, तार ओढतात, त्याला त्साउन म्हणतात. शब्द तोच आहे. तूच म्हणतेस ना, जो तो आपल्या गरजेचं घेऊन गेला? मग मी तार घेतली."

खोलीत कुणीतरी हसलं. ट्राइनचा चेहरा पांढरा पडला. तिच्या आयुष्यात तिला कुणी दिलेलं सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते हे शब्द होते, आणि देणाऱ्यानेच त्यातला एक उचलून चारचौघांत तिच्या तोंडावर मारला होता. ती एवढंच म्हणाली, "तुझे शब्द तू परत घेऊन जा." आणि पेले गोळा करायला लागली.

तिला त्या क्षणी मेंढवाड्यामागे बसलेला पोरगा आठवायला हवा होता. पण बाप जमिनीत ठेवून तास झाला नव्हता, आणि कुणाला कधी काय आठवेल हे काही आपल्या हातात नसतं.

सोमवारी सीमने तार ओढली. सोमवारीच ट्राइनने तारेला लागून आपलं एक अंग घालायला घेतलं. कोर म्हणाला, "अगं, एकच अंग कसं उभं राहील?" ती म्हणाली, "राहील." दुसऱ्या अंगाऐवजी तिने मागून वाळूचा बांध घातला, आपल्या बाजूने फावड्याने पलीकडे वाळू फेकून फेकून. सीमच्या जमिनीवर तिने पाऊल टाकलं नाही. ते अंग मात्र असं सुरेख आलं होतं की लोक सायकल थांबवून बघायचे. पलीकडून पाहिलं तर नुसता उतार.

आणि दर हिवाळ्यात नैर्ऋत्येचा पाऊस त्या उघड्या उताराला झोडपायचा. वाळू तारेतून सीमच्या गवतात घसरायची, अंग मागे कलायचं, आणि दर वसंतात ट्राइन ते पुन्हा घालायची. बेटभर तिच्या टुना वर्षानुवर्षं हलल्या नाहीत. ही एकच दरवर्षी पडायची, आणि ती एकच तिची स्वतःची होती. लोक मागून हसायचे. मी नाही हसलो कधी. जी गोष्ट उभी राहणार नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळत होतं, ती दर साली पुन्हा उभी करायची, त्याला छातीच लागते.

बहीणभावाचं बोलणं बंद झालं ते झालंच. निरोप कोरमार्फत जायचे. "सीमला सांग, त्याचा मेंढा आपल्याकडे आलाय." कोर तारेपाशी जायचा. "ट्राइन म्हणते, मेंढा." सीम म्हणायचा, "तिला सांग, माहीत आहे." कोर परत यायचा. "त्याला माहीत आहे." लोकांनी कोरला विचारावं, तू कंटाळत नाहीस का रे? कोर म्हणे, मी जन्मभर फेरीबोटीवर काम केलंय, हाही त्यातलाच प्रकार.

एक मात्र कोरने हेरलं होतं. घसरलेली वाळू सीमच्या शेताचा चांगला पट्टाभर गवत खाऊन बसली होती, पण त्याने ती कधी उपसली नाही. उपसली असती तर ट्राइनचं अंग एका पावसात झोपलं असतं. कोरने हे एकदा ट्राइनला सांगितलं. ती म्हणाली, "आळशी आहे." पण त्या दिवशी तिने वाटाण्याच्या सूपात मीठ दोनदा घातलं.

असं करता करता दोघं म्हातारी झाली. सीमचा खुबा गेला, काठी आली. आणि एका शरद ऋतूत दुकानात ब्रेड घेताना ट्राइनच्या कानावर आलं की सीम बेटावरच्याच डेन बुर्ख गावी वृद्धाश्रमात जाणार आहे आणि शेत मुख्य भूमीवरच्या हार्लेमचे कुणी फान रोसम नावाचे गृहस्थ घेणार आहेत.

ते गृहस्थ स्वतःच तिला भेटायला आले. वागायला अगदी सभ्य. येताना त्यांनी फुलं आणली होती. "आपण शेजारी होणार," ते म्हणाले. "मी इथे छोटंसं घर बांधतोय, आणि समोर छानशी टाईन. गुलाब लावायचेत. माझ्या बाजूची ती वाळू तेवढी काढून घेईन, तुमच्या भिंतीला अजिबात हात लावणार नाही."

"नका लावू," ट्राइन म्हणाली. आणखी काय म्हणणार? वाळू त्यांच्या हद्दीत होती, काढायचा त्यांना हक्क होता. हात न लावताही भिंत पहिल्याच पावसात आडवी झाली असती, आणि ढिगाला कायदा नाही. गृहस्थ गेल्यावर तिने फुलं पाण्यात ठेवली, कारण फुलांचा त्यात काही दोष नव्हता.

"सीमशी बोल," कोर म्हणाला.

"तो बोलेल तर मी बोलेन."

"ट्राइन, मी आता हा निरोप नेणार नाही. आजवर मेंढे नेले, कोंबड्या नेल्या. हा तुझा तू ने."

कोरने आयुष्यात तिला नाही म्हटल्याची ही पहिली वेळ असावी. ती रागाने बघत राहिली, मग नजर खाली गेली. पुढचे काही दिवस ती जेवणात नुसता चमचा फिरवत होती. भिंत तर पडणारच होती, ते तिने पत्करलं असतं. पण भिंत आडवी झाली की तिच्यामागे गुलाब असणार होते, आणि सीम नसणार होता. तो तिकडे आहे, काठी टेकत तारेपाशी येतो, मेंढ्यांवर खेकसतो, हे रोज अर्ध्या अंगाआडून ऐकण्याची तिला सवय झाली होती. हे तिने कोरलाही कधी सांगितलं नसतं.

शेवटी एका सकाळी तिने चांगला कोट घातला. रस्त्याने फिरून सीमच्या दाराशी जायचं आणि विचारायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. निघण्याआधी सवयीने ती भिंतीपाशी गेली, गुडघा लावायला.

गुडघा लावला, आणि भिंतीने दाद दिली नाही. मागून काहीतरी रेटत होतं.

तिने माथ्यावरून पलीकडे डोकावून पाहिलं. तार कापून गुंडाळून बाजूला टाकलेली. वाळूचा उतार खणून सरळ केलेला. मासळीच्या उपड्या खोक्यावर सीम बसला होता, काठी आडवी टाकलेली, मांडीवर गवताची ढेप, आणि समोर त्याने चढवलेलं आठ-दहा हात लांबीचं दुसरं अंग. ढेपा त्याने घरासमोरच्या चांगल्या कुरणातल्या कापल्या होत्या, हिरव्यागार. अंगाला मध्येच पोट सुटलेलं. आणि सगळ्या ढेपा उलट्या, गवत वर.

इतक्या वर्षांनी ट्राइन भावाशी जे पहिलं वाक्य बोलली ते असं: "गवत खाली, गाढवा! गालिचा घालतोयस काय?"

सीम दचकला. त्याने मांडीवरची ढेप पाहिली, मग वर तिच्याकडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला, "बसत नव्हती."

"एवढी वर्षं बापाच्या हाताखाली काढलीस!"

"मी बघतच नव्हतो गं त्याच्या हाताकडे. तोंडाकडे बघत होतो, आता काय बोलतो म्हणून."

ट्राइनने माथ्यावरची सुटी वाळू हाताने झाडली. मग म्हणाली, "त्या हार्लेमवाल्याने घालायला सांगितलं का हे?"

"त्याला काल कळवलं. मध्ये दोन अंगांची टून आहे, ती तशीच ठेवावी लागेल, घर लांब बांधावं लागेल. त्याने बघून कळवतो म्हणून सांगितलं आणि सकाळी फोन केला, नको म्हणून." सीमने नाक पुसलं. "म्हणजे आता टून घालणं भाग आहे. नाहीतर मी खोटं बोललो असं होईल."

"आणि शेत?"

"एखाद्या मेंढ्यावाल्याला देईन. मी जाणार आहेच गं. खुबा आता चालू देत नाही. पण हे असं सोडून कसं जाऊ?"

आणि मग ट्राइन किकर्टने जे केलं ते कोरने खिडकीतून पाहिलं, म्हणून बेटाला कळलं, नाहीतर कुणाचा विश्वास बसला नसता. चांगल्या कोटासकट ती टुनेवर चढली. माथ्यावर गुडघा टेकला, एक पाय पलीकडे टाकला, टोपीची ढेप तिच्याखाली निखळून पडली, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पलीकडे उतरून तिने कोट काढला, खोक्याशेजारी गवतावर टाकला आणि सीमचं सगळं अंग खालच्या ओळीपर्यंत पाडायला घेतलं.

"सगळं?" सीम कळवळून म्हणाला.

"सगळं. तू दे, मी लावते." मग जरा थांबून ती म्हणाली, "नको. तूच लाव. तुझं अंग आहे. मी देते."

दोघं कामाला लागली. ती ढेप द्यायची, तो ठेवायचा, ती तोंडाने म्हणायची, आत, अजून आत, आता दाब. बऱ्याच वेळाने सीम ढेप हातात धरून थांबला.

"ट्राइन, त्या वेळी मी आईसलँडचा आणला होता."

तिचा हात जागीच राहिला.

"तूच मागितला होतास धक्क्यावर. आणला होता मी. अख्ख्या वाटेवर मनात धरून आलो होतो, हिला कसा सांगू, कसा सांगू. मग बाबा गेलेले. मग तू म्हणालीस सोमवारपासून ढेपा. आणि मला ते सगळं आठवलं, चारचौघांतलं, माझ्या भिंतीचं पोट. आईसलँडचा सांगायचा होता गं. तोंडातून जर्मनीचा निघाला."

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात वाळूने भरलेले असल्यामुळे तिने ते पुसले नाहीत. वारा होताच, त्याच्यावर घालता आलं असतं.

"तिकडे काय म्हणतात?" तिने विचारलं.

"तिकडेही टूनच म्हणतात. जवळजवळ आपल्यासारखंच. पण भिंतीला नाही म्हणत. घराभोवतीच्या गवताच्या शेताला म्हणतात. पूर्वी त्याला भिंत होती म्हणे, अश्शीच, ढेपांची. ती केव्हाच पडून गेली. पण आतलं गवत दर साली कापतात, आणि त्याचं नाव अजून..."

"असं नाही," ट्राइन म्हणाली. तिने खोक्याच्या कडेला टेकायला जागा केली आणि सीमच्या हातातली ढेप काढून घेतली, उलटली, गवत खाली करून परत दिली. "बंदरापासून सांग."

सीमने ढेप जागेवर ठेवून दाबली. "बोट लागली तेव्हा बर्फ भुरभुरत होता," त्याने सुरुवात केली.